चार नंबरचं पॅनेल

बारा वाजून गेले की भागोजी गमरेच्या घरावरचा पत्रा वाजायला लागायचा. आधी पडवीच्या टोकाला कड् असा एक आवाज. मग जरा वर दुसरा, मग तिसरा. मधलं अंतर सारखं, माणसाच्या पावलाइतकं. मधल्या खोलीच्या बरोबर डोक्यावर आला की तो थांबायचा, आणि खाली जेवायला बसलेली चंदाबाई हातातला घास परत ताटात ठेवायची.

"नऊ," ती म्हणायची.

भागोजी घरात असला तर मान वर न करता सांगायचा, "लोखंड हाय. तापलं की वाढतं."

"मग शेजारचं का न्हाय चालत?"

"वाजतं की त्यांचंबी."

"वाजतं. चालत न्हाय."

समोरच्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्यांच्या खाली, जरा कडेला, सनीचा. या घरात भुताखेताचं बोलायचं नाही, हे भागोजीच्या बापानं छप्पन साली ठरवलं होतं. भागोजीनं ते पाळलं होतं. पोरगा गेल्यावरसुद्धा पाळलं होतं.

सनी दोन वर्षांपूर्वी एप्रिलात गेला. सोलर बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडं तो कामाला होता. कारखान्याच्या शेडवर दुपारी एक वाजता पॅनेल उचलता उचलता खाली बसला, तो उठला नाही. दवाखान्यात नेईपर्यंत अंग इतकं तापलेलं होतं की नर्सनं थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. चोवीस वर्षांचा होता. करंजवाडीतल्या घरावरची कौलं काढून पत्रे त्यानंच पहिल्या पगारात घातले होते. स्क्रूच्या रांगेवर पाय देत, वाकून, एकट्यानं. त्याला जाऊन वर्ष व्हायच्या आत पत्रा चालायला लागला.

मानसी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आयटीआय तिनं त्याच्याच सांगण्यावरून केली होती. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं पोर आता हे काम सोडेल. तिनं सोडलं नाही. जवळजवळ दोन वर्षं माणगावच्या एका इलेक्ट्रिशियनकडं राबली आणि या फेब्रुवारीत आयटीआयतल्या निकेशला बरोबर घेऊन स्वतःचं सोलरचं काम सुरू केलं. काम मात्र मिळेना. लोक तिला ओटीवर बसवत, चहा देत आणि विचारत, "तुमच्या घरावर हाय का?"

म्हणून आधी आपल्या घरावर बसवायचं तिनं ठरवलं. श्रीवर्धनला समुद्राकडच्या रस्त्यावर हेमालीताईंचं सहा खोल्यांचं लॉज होतं. त्या म्हणाल्या होत्या, "मे महिना काढून दाखव. उन्हात टिकलं तर माझं काम तुला."

माणगावचा अल्पेशभाई माल द्यायचा. दुकानात पंखा होता, पण त्याचा वारा त्याच्या एकट्याच्याच अंगावर यायचा. त्यानं भिंतीवर लावायचा मोठा इन्व्हर्टर दाखवला. "एकच डबा, बेन. सगळ्या पॅनेलच्या वायरी यात. बिघडला तर शिडी नको, स्टूल पण नको."

"आमच्या पश्चिमेला फणस आहे," मानसी म्हणाली. "चारनंतर एका पॅनेलवर सावली येते. एकाच वायरीत सगळी गुंफली तर एकाच्या सावलीनं बाकीची पण मरतात. आणि छपराला दोन उतार आहेत."

"फणस तोडा."

"बाबा तोडणार नाहीत."

"मग हे घ्या." त्यानं काउंटरवर दोन लहान डबे ठेवले, प्रत्येक पॅनेलच्या पाठीला एक लावायचा तसे मायक्रोइन्व्हर्टर. एक काळ्या प्लास्टिकचा, हलका. दुसरा ॲल्युमिनियमचा, हातात वीट घेतल्यासारखा जड.

"दोघांवर पासष्ट डिग्री लिहिलंय," मानसी म्हणाली.

"कागदावर सगळेच पासष्ट लिहितात. पासष्टला पुरं काम करतो की अर्ध्यावर येतो, ते विचारा." अल्पेशभाई प्रथमच खुर्चीतून पुढं वाकला. "अने पहिलं सांगा, तुमच्या पत्र्यावर दुपारी किती असतं?"

मानसीनं ते कधी मोजलं नव्हतं.

रविवारी भागोजी घरी होता. इतर दिवशी तो श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत शिंपण्याला आणि झावळ्या ओढायला जायचा, तो सांजेलाच परतायचा. मानसीनं बांबूची शिडी पडवीला लावली तेव्हा तो पाटावर बसून कोयतीला धार काढत होता.

"कुठं?"

"वर. गरमी मोजायची हाय."

"आत्ता?"

"आत्ताच मोजायला हवी, बाबा. दुपारचीच हवी."

तो दगडावर कोयती तशीच धरून बसला. "भिंतीवरचा डबा घे," तो म्हणाला. "वर जायाचं कामच नको."

"त्यानं फणस तोडावा लागंल."

"तोडतो."

फणस त्याच्या आईनं लावलेला होता. मानसीनं बापाकडं पाहिलं. तो धार बघत होता.

"नको तोडायला," ती म्हणाली. "जो भारी डबा हाय, त्योच घेईन मी. बिघडायचा न्हाय."

"बिघडला तर वर कोन जानार?"

"मी."

भागोजीनं कोयती पुन्हा दगडावर धरली. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून आणि पायात गोणपाट बांधून मानसी चढली.

वर हवा हलत नव्हती. पत्र्यावरून नजर टाकली की पलीकडची माडांची रांग पाण्यात बुडाल्यासारखी थरथरत होती. गोणपाटातूनही तळव्याला चटका लागत होता. तिनं एक थर्मामीटर पत्र्याला टेकवून ठेवला, दुसरा विटांवर प्लायवूडचा तुकडा ठेवून त्याच्या सावलीत, पत्र्यापासून वीतभर उंच. मग उकिडवी बसून थांबली. टेकवलेला सहासष्टला गेला. वीतभर वरचा त्रेपन्नाला येऊन थांबला. म्हणजे पॅनेल पत्र्याला चिकटवून लावलं तर कुठलाच डबा जगणार नव्हता, आणि वीतभर उचललं, खालून वारा वाहू दिला, तर तो जड डबा तगणार होता. तिनं वहीत आकडे लिहिले. घामानं शाई पसरली.

तेवढ्यात पडवीच्या टोकाला कड् झालं.

ती वळली नाही. तिला कारण माहीत होतं. तापलेला पत्रा फुगतो, स्क्रूपाशी अडतो, अडून सुटतो. दुसरा आवाज झाला, तिसरा झाला. सातवा झाला तेव्हा तो तिच्या पाठीशी होता. मग तिच्या उजव्या अंगाचा पत्रा, हातभर अंतरावर, हळूच खाली दबला. जसा कुणी पाय ठेवल्यावर दबतो तसा. तिचा तोल त्या बाजूला कलला. पत्रा तसाच दबलेला राहिला. थोड्या वेळानं तो पुढं सरकल्यासारखा वर आला, आणि मधल्या खोलीवर नववा आवाज झाला.

खालून आई म्हणाली, "मानसे, त्याच्या वाटंत बसू नको."

ती उतरून पडवीत भिंतीला टेकून बसली. "ऊन लागलं," ती भागोजीला म्हणाली. त्यानं कांदा फोडून तिच्या हातात दिला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पॅनेलं बसली. सकाळी सहा ते नऊ, एवढंच काम करायचं, असं भागोजीनं बजावलं होतं. तो शिडीपाशी उभा राहून घड्याळ बघत होता. निकेश खालून द्यायचा, मानसी वरून घ्यायची. पश्चिमेच्या उतारावर एक, दोन, तीन. पूर्वेच्या उतारावर, मधल्या खोलीच्या डोक्यापासून पडवीपर्यंत एकाखाली एक, चार, पाच, सहा. सगळी पत्र्यापासून वीतभर उंच. प्रत्येकाच्या पाठीला ॲल्युमिनियमचा जड डबा. मीटर बदलून मिळाला, आणि मोबाइलमध्ये सहा पॅनेलं सहा चौकोनांत दिसायला लागली, प्रत्येकाच्या पोटात त्याच्या विजेचा आकडा. निकेशनं मुद्दाम तीन नंबरवर गोणपाट टाकलं. तीनचा आकडा पडला, बाकीचे हलले नाहीत.

"हे त्या लॉजवाल्या ताईंना दाखवायचं," तो म्हणाला.

पहिल्याच दुपारी घर गार लागलं. भागोजी सुट्टीला घरी होता. तो जेवून मधल्या खोलीत आडवा झाला आणि त्याला झोप लागली. दोन वर्षांत तो दुपारचा झोपला नव्हता. पत्र्यावर काचांची सावली पसरली होती. घराच्या कडेला कुठं कुठं कड् व्हायचं, पण सुटं, चालल्यासारखं नाही.

चंदाबाई ताट घेऊन बसली होती. साडेबारा झाले, एक झाला. भातावर साय धरल्यासारखा वाळका थर आला.

"आये, जेव ना."

"येईल आत्ता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली. तिसऱ्या दिवशी तिनं ताट वाढूनच घेतलं नाही. चौथ्या दिवसापासून मानसी आणि भागोजी दोघंही कामाला जायला लागले, तेव्हा ती दुपारची काय करते हे बघायला कोणी नव्हतं.

मे लागला. मानसी हरिहरेश्वरला एका घराचं वायरिंग करत होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं सवयीनं मोबाइल उघडला. पाच चौकोन भरलेले होते. चार नंबर जवळजवळ शून्यावर होता. बारा वीसला पडला होता. ती बघत राहिली. बारा चाळीसला तो पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बारा वीस ते बारा चाळीस. तिसऱ्या दिवशीही.

डबा तापून बंद पडतोय, असं तिला वाटलं. मग वीस मिनिटांत गार कसा होतो? ऊन तर दोनपर्यंत चढतच असतं. आणि पाच, सहाला का होत नाही? तिनं अल्पेशभाईला फोन केला. तो म्हणाला, "पीस खराब असेल. चारचा डबा काढून दोनला लावा, दोनचा चारला. आजार डब्याबरोबर जातो का बघा."

रविवारी पहाटे उजाडताच तिनं आणि निकेशनं डबे बदलले. ती दुपारी घरीच थांबली, मोबाइल हातात धरून. बारा वीस झाले. चार नंबर हलला नाही. दोनही हलला नाही. चंदाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती, आणि तेच मूठभर तांदूळ ती पुन्हा पुन्हा निवडत होती.

सोमवारी मानसी श्रीवर्धनला हेमालीताईंच्या गच्चीवर टेप घेऊन उभी होती. ताई मागं छत्री धरून. "तुझ्या घरचं दाखव बघू," त्या म्हणाल्या. मानसीनं मोबाइल उघडला आणि त्यांच्या देखत, बारा वीसला, चार नंबर पडला.

"हे काय?"

दोनवर लावलेला चारचा जुना डबा नीट चालला होता. चारच्या जागेवर आता चांगला डबा होता, आणि तरी चार पडला होता. आजार डब्याला नव्हता. जागेला होता.

"उन्हानं का?" हेमालीताईंनी विचारलं.

"नाही," मानसी म्हणाली. "उन्हानं नाही. बघून सांगते."

"सांग. घाई नाही," त्या म्हणाल्या, पण टेपचं दुसरं टोक त्यांनी सोडून दिलं होतं.

मंगळवारी ती कामाला निघाली आणि म्हसळ्याच्या एसटीत न बसता फाट्यावरच्या आंब्याखाली बसून राहिली. साडेअकराला परत चालत निघाली. वाडीत माणूस दिसत नव्हतं. कुत्री नांगरटीच्या सरीत पोट टेकून पडली होती. घराचं दार उघडं होतं, चूल विझलेली होती. पडवीला शिडी लागलेली होती. गोठ्यात आडवी ठेवलेली शिडी कुणीतरी एकट्यानं ओढत आणली होती. अंगणातल्या धुळीत तिचे दोन लांब चरे उमटले होते.

मानसीनं हाक मारली नाही. हाक मारली असती आणि वरचं माणूस दचकलं असतं तर. ती चपला काढून चढली.

चार नंबरच्या काचेवर गोधडी अंथरलेली होती. तिच्यावर चंदाबाई कुशीवर निजली होती, पदर डोक्यावरून ओढून, कान खाली लावून. साठीची बाई, गुडघ्यांनी पार गेलेली, विहिरीच्या दोन पायऱ्या चढताना भिंत धरणारी. तिचे हात गोधडीच्या बाहेर काचेवर पसरलेले होते. डोळे उघडे होते आणि ते मानसीकडंच बघत होते.

"हळू ये," ती म्हणाली. "स्क्रूवर पाय दे."

तळवे भाजत मानसी स्क्रूच्या रांगेवरून गेली. आईच्या कपाळाला तिनं हात लावला. कपाळ कोरडं होतं. घाम नव्हता. घाम आटणं म्हणजे काय, हे तिला सनीच्या दवाखान्याच्या कागदांवरून माहीत होतं.

"आये, उठ. खाली चल."

"तू त्याच्या वाटंवर काचा टाकल्यास."

"व्हय, टाकल्या. उठ तू."

"आधी खाली ऐकू यायाचा. आता न्हाय येत. म्हनून म्या वर येते."

"वर ऐकू येतं?"

चंदाबाईनं जरा विचार केला. "ऐकू न्हाय येत. पन काच हलते. हितं. हात लाव."

मानसीनं हात लावला नाही. तिनं आईला काखेत धरून उठवलं, आणि वीस मिनिटं लागून खाली आणलं. एक एक पायरी, स्वतः खाली राहून, आईची पावलं हातानं बांबूवर ठेवत. आईच्या तळहातांना आणि कोपराला फोड आले होते. काही जुने, फुटून वाळलेले. रोज सांजेला ती या हातांनी भाकरी थापत होती आणि घरात कुणी ते हात पाहिले नव्हते. मानसीनं तिला न्हाणीत बसवून डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतला. मीठसाखरेचं पाणी पाजलं. ओल्या लुगड्यात चंदाबाई अगदी लहान दिसत होती.

सांजेला भागोजी आला. मानसीनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं बायकोचे हात दिव्याखाली धरून उलटसुलट बघितले.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी म्हनला असता, लोखंड हाय."

भागोजीनं तिचे हात तसेच आपल्या मांडीवर धरून ठेवले. मग तो मानसीला म्हणाला, "ते एक काढता येतं का? वरचं?"

"येतं. प्रत्येकाचं वेगळं हाय. एक काढलं तर बाकीच्यांचं काय अडत न्हाय. गोठ्यावर लावीन."

"लाव."

"हात लावला की काच हलते म्हनती ती, बाबा."

"वाऱ्यानं हलत आसंल," भागोजी म्हणाला. "वीतभर उचललीस ना तू."

दोन दिवसांनी, उजाडता उजाडता, तिनं चार नंबर काढून गोठ्याच्या छपरावर नेला. मधल्या खोलीवर पॅनेलाएवढा पत्रा उघडा पडला. मोबाइलमध्ये सहाही चौकोन भरलेले दिसत होते. हेमालीताईंना तिनं फोन करून खरं ते सांगितलं, की माझी आई गोधडी टाकून वर बसायची. मग त्या म्हणाल्या, "आता बऱ्या आहेत ना त्या? सोमवारी ये. टेप घेऊन ये."

त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा आली. सकाळी विहारात वंदना झाली. भागोजी पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यात होता, चंदाबाई पांढऱ्या लुगड्यात, हातांना कापसाच्या पट्ट्या. घरी येऊन मानसीनं खीर केली. बाराच्या सुमाराला तिघं मधल्या खोलीत जेवायला बसली. आईला भरवावं लागत होतं. मानसी चमच्यानं खीर देत होती आणि चंदाबाई तोंड उघडत होती, पण तिचं लक्ष वर होतं.

उघड्या पत्र्यावर कड् झालं.

चंदाबाईनं चमचा हळूच बाजूला सारला. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त खांदे खाली आले, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखे.

"लोखंड," भागोजी म्हणाला, पण हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

दुसरा आवाज झाला. मानसीनं मनात जागा मोजली. उघडा पत्रा इथंपर्यंत. यापुढं पाच नंबरची सावली. तिथला पत्रा गार असणार, मघाशी तिनं स्वतः हात लावून बघितला होता. तिसरा आवाज व्हायला जागा नव्हती.

तिसरा झाला. पाच नंबरच्या खाली.

चौथा, पाचवा. पडवीच्या दिशेनं. इतके दिवस पावलं कायम पडवीकडून वर आली होती आणि इथं, त्यांच्या डोक्यावर, थांबली होती. परत जाताना ती कुणी ऐकली नव्हती. सहावा आवाज सहा नंबरच्या खाली झाला, आणि सावकाश झाला, उतारावरून खाली येताना माणूस पाय चाचपून टाकतो तसा. मानसीच्या हातातल्या चमच्यातून खीर तिच्या मांडीवर सांडत होती. चंदाबाई डोळे मिटून बसली होती. ती मोजत नव्हती.

भागोजी उठला.

त्यानं ताटातच हात धुतला. सदऱ्याला ओला हात पुसला आणि तो पडवीत गेला. चार नंबर उतरवताना लावलेली शिडी अजून तिथंच होती, मानसीनं ती गोठ्यात नेऊन ठेवली नव्हती. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि त्यात तो पांढऱ्या कपड्यातला माणूस नीट दिसत नव्हता. आठवा आवाज पडवीच्या कडेला झाला. मग शिडीचा वरचा बांबू किंचित करकरला.

भागोजीनं वर पाहिलं नाही. त्यानं खालच्या पायरीवर पाय दाबून ठेवला, दोन्ही बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि म्हणाला, "सावकाश. म्या धरलीय."